टेबलावर उमटतो कीबोर्ड!

काडेपेटीहून थोडी मोठी डबी टेबलावर ठेवायची, बटण दाबायचं आणि समोर अख्खा कीबोर्ड लाल उजेडात हजर! मीटिंगमध्ये हा प्रकार केलात तर पुढची दहा मिनिटं अजेंडा विसराच. पण शायनिंग मारून झाल्यावर या लेझर कीबोर्डवरून मोबाइलमध्ये ई-मेल लिहिता येतो का? येतो. फक्त बोटांना नवी शिस्त लावावी लागते.

आयडिया तशी जुनी. इस्रायलच्या व्हीकेबी आणि अमेरिकेच्या कॅनेस्टा या कंपन्यांनी २००२च्या सुमारास ती पुढे आणली, तेव्हा डोळ्यांपुढे पामटॉपवाले होते. पुढे कोरियाच्या सेल्युऑनचा ‘मॅजिक क्यूब’ आला आणि स्मार्टफोनवाल्यांनाही त्याची भुरळ पडली.

यातला फंडा समजून घ्या. लाल कीबोर्ड हे नुसतं चित्र. खरं काम करतो तो न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश, टेबलाच्या काही मिलिमीटर वर पसरलेला. बोट त्यात शिरलं की प्रकाश उलटून डबीतल्या सेन्सरकडे जातो आणि बोटाच्या जागेवरून अक्षर ठरतं. म्हणूनच या डबीचे इतके नखरे! पारदर्शक काचेवर चित्र धड उमटत नाही, उन्हात अक्षरं फिकी पडतात, आणि रेल्वेतल्या हलत्या ट्रेवर तर नेम चुकणारच. सपाट, मॅट फिनिशचं, न डुगडुगणारं टेबल बेस्ट.

आता जोडणी. डबी आधी पूर्ण चार्ज करा आणि पेअरिंग मोडवर टाका. कुठलं बटण किती वेळ दाबायचं ते प्रत्येक मॉडेलचं वेगळं, त्यामुळे मॅन्युअल फेकू नका. फोनचं ब्लूटूथ सुरू करून यादीतून नाव निवडा. फोनने कोड दाखवला, तर तो लाल अक्षरांवर टाइप करून एंटर मारायचा. फोनवर नाही! जोडणी झाली की स्क्रीनवरचा कीबोर्ड गायब होतो. घाबरू नका, फोनला खराखुरा कीबोर्ड मिळाल्यासारखं वाटतंय, एवढंच. अँड्रॉइडच्या फिजिकल कीबोर्ड सेटिंगमध्ये तो परत आणायची सोय असते. मराठीत लिहिणाऱ्यांना ती लागेलच, कारण टेबलावर सहसा एबीसीडीच उमटते.

खरी परीक्षा यापुढे. साध्या कीबोर्डवर आपण बोटं टेकवून बसतो. इथे टेकवलीत की अक्षरांची रांगच लागते. हात अधांतरी धरून एकेक बोट नेमकं खाली आणायचं. ‘एफ’ आणि ‘जे’वरचे उंचवटे नाहीत, त्यामुळे न बघता टाइप करणाऱ्यांची पंचाईत. शिवाय कडक लाकडावर अर्धा तास टकटक केली की बोटांची टोकं बोलायला लागतात. पासवर्ड टाइप करताना शेजारच्याला सगळं दिसतं, ते वेगळंच.

त्यामुळे आमचं स्पष्ट मत: चार ओळींच्या रिप्लायसाठी मजा आहे, रोजच्या रिपोर्टसाठी घडीचा ब्लूटूथ कीबोर्ड घ्या. मात्र लॅबमध्ये किंवा क्लिनिकमध्ये, जिथे कीबोर्डच्या फटी पुसत बसणं हा व्याप असतो, तिथे ही डबी खरंच कामाची. फडकं मारलं की टेबल साफ! घेणारच असाल तर लेझर क्लासचा शिक्का बघून घ्या, आणि घरातल्या चिल्ल्यापिल्ल्यांना त्या खिडकीत डोळा लावू देऊ नका.