आशाताईचे मानधन आणि घरचे रेशनकार्ड

बाळंतिणीला वेळेवर दवाखान्यात नेणारी, पोराबाळांच्या लसीची तारीख लक्षात ठेवणारी आशाताई बहुधा शेतकऱ्याच्याच घरची सून असते. 2005 साली ही योजना सुरू झाली, तेव्हापासून सरकार तिला स्वयंसेविका म्हणते. तिला पगार नाही. मानधन आणि कामागणिक मोबदला मिळतो. पण घरचे उत्पन्न लिहिताना हा पैसाही धरावा लागतो. म्हणून मानधन वाढले की आनंदाबरोबर धास्तीही येते : रेशन तर जाणार नाही ना?

ही धास्ती पोकळ नाही. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याखाली महाराष्ट्राने प्राधान्य कुटुंबासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा गावात 44,000 आणि शहरात 59,000 रुपये ठेवली. 2024 साली तेथील आशांच्या मानधनात राज्याने महिना 5,000 रुपयांची वाढ दिली. वर्षाचे झाले 60,000. म्हणजे नुसती वाढच त्या मर्यादेपलीकडे जाते!

माधव नगरातील ज्या घरांच्या लेकी खानदेश-विदर्भात दिल्या आहेत, त्यांनी हा हिशेब त्यांना जरूर कळवावा. मात्र तिकडचा आकडा उज्जैनला लावू नये. मध्य प्रदेशात प्राधान्य कुटुंबे सरकारने ठरविलेल्या वर्गांतून निवडली जातात.

प्रत्येक योजनेची चाळणी वेगळी असते, हे ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रात 2024 साली आलेल्या लाडकी बहीण योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख रुपये ठेवली गेली, आणि तिच्या आत असणाऱ्या स्वयंसेवी व कंत्राटी कामगारांना पात्र धरले गेले. आयुष्मान भारतचे तर आणखी सोपे. 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात देशातील सर्व आशांना त्यात घेण्याचे जाहीर झाले. या योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत इस्पितळातील उपचार मिळतात. रेशन गेले म्हणून हे कार्डही गेले, असे समजू नये.

आशाताईंना आमचे सांगणे असे :

1. मानधन व मोबदला दर महिन्याला वहीत टिपून ठेवा. एका चांगल्या महिन्याला 12 ने गुणू नका. वर्षाची खरी बेरीज करा.
2. घरातील शेतीचे व इतरांचे उत्पन्नही त्यात धरा. आकडा लपवू नका.
3. नाव कमी झाले तर कारण लेखी मागा, आणि अर्जाची पोच जपून ठेवा.

गावाचे आरोग्य सांभाळणाऱ्या बाईच्या घरचे धान्य तिच्याच मानधनवाढीने तुटावे, हे न्यायाचे नाही. मानधन वाढते तशी रेशनची मर्यादाही वाढली पाहिजे, हे ग्रामसभेत आपणच बोलायला हवे.