पामेलाचा होकार आणि क्लॅरिसाचा नकार

प्रेमकथेंत नायकानें पिच्छा पुरवावा, नायिकेनें नाहीं म्हणावें, आणि अखेर त्या 'नाहीं'चें 'हो' व्हावें, हा सांचा इंग्रजी कादंबरीस ज्यांनीं घालून दिला, त्यांत सॅम्युएल रिचर्डसन हा अग्रणी होय. धंद्यानें हा लंडनचा छापखानेवाला. पन्नाशी उलटल्यावर, १७४० सालीं, त्यानें 'पामेला' प्रसिद्ध केली.

पामेला ही पंधरा वर्षांची दासी. मालकीण वारतांच तिचा मुलगा पामेलाच्या मागें लागतो. तिचीं पत्रें चोरतो, आईबापांकडे पोंचविण्याच्या मिषानें तिला लिंकनशायरमधील आपल्या वाड्यांत कोंडतो, आणि एके रात्रीं तर मोलकरणीच्या वेषांत तिच्या अंथरुणांत शिरतो. ती बधत नाहीं. शेवटीं तिचीं पत्रें वाचून तो विरघळतो व तिच्याशीं लग्न करतो. लग्नापूर्वीं तो तिला सोडून देतो आणि ती आपण होऊन परत येते, हें ग्रंथकर्त्याच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. परंतु पगार, निवारा आणि दाराची किल्ली हीं सारीं ज्याच्या हातीं होतीं, त्यालाच दिलेला होकार कितपत मोकळ्या मनाचा? रिचर्डसननें त्यास शीलाचें बक्षीस म्हटलें. हेन्री फील्डिंगनें १७४१ सालीं विडंबन लिहून मालकाला मूर्ख ठरविलें, आणि कावेबाज मात्र मुलीला!

'क्लॅरिसा' (१७४७-४८) हें जणूं या प्रश्नाचें रिचर्डसननेंच दिलेलें दुसरें उत्तर. ही नायिका श्रीमंत घरची. घरचीं माणसें एका नावडत्या धनिकाशीं तिचें लग्न ठरवितात. त्या जाचांतून लव्हलेस तिला फसवून पळवितो, लंडनमध्यें कुंटणखान्यांत ठेवतो, आणि गुंगीचें औषध देऊन तिच्यावर बलात्कार करतो. मग त्याचे नातलग, एवढेंच नव्हे तर तिची जिवलग मैत्रीणहि, त्याच्याशींच लग्न करण्याचा सल्ला देतात. अब्रू झाकण्याचा हा उपाय आपणांसहि अपरिचित नाहीं.

क्लॅरिसा नाहीं म्हणते. त्या नकाराचें मोल कळण्यास तेव्हांचा कायदा पाहावा. सर मॅथ्यू हेल यांच्या १७३६ सालीं छापलेल्या ग्रंथाप्रमाणें, लग्न झालें कीं पत्नीची संमति पतीस कायमची मिळाली. ती तिला परत घेतां येत नाहीं. इंग्लंडांत हें मत हाउस ऑफ लॉर्ड्सनें १९९१ सालीं मोडीत काढलें. जें बळानें घेतलें, तेंच कायद्यानें त्याच्या हवालीं करण्यास क्लॅरिसा तयार नव्हती.

कथेचे भाग निघत असतां वाचकांनीं, त्यांत स्त्रियाहि होत्या, रिचर्डसनला पत्रें लिहून विनविलें, कीं लव्हलेस सुधारावा आणि लग्न व्हावें. त्यानें ऐकलें नाहीं. क्लॅरिसा भाड्याच्या खोलींत आपली शवपेटी आणवून घेते, आणि तिच्यावरच कागद ठेवून पत्रें लिहिते.