हिग्जची कमाल मर्यादा

हिग्ज कण १२५ जीईव्ही (कणांच्या वस्तुमानाचं आणि ऊर्जेचं एकक) वस्तुमानाच्या आसपास सापडल्याचं सर्नने ४ जुलै २०१२ला जाहीर केलं. तेव्हापासून १९८०च्या दशकातल्या संगणकीय सिम्युलेशन्सनी सांगितलेली सुमारे ७०० जीईव्हीची कमाल मर्यादा ‘चुकलेला अंदाज’ म्हणून बाजूला पडली. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. पुलावरची ‘१० टन’ ही पाटी वरून जाणाऱ्या गाडीचं वजन सांगत नाही. मुळात ही सिम्युलेशन्स करावी लागली, कारण ली, क्विग आणि थॅकर या भौतिकशास्त्रज्ञांनी १९७७मध्ये काढलेली सुमारे १,००० जीईव्हीची मर्यादा पायरीपायरीने अचूक होत जाणाऱ्या गणितावर बेतलेली होती. आणि हिग्ज जड असेल तर त्याची स्वतःशीच होणारी आंतरक्रिया इतकी प्रबळ होते की नेमकं तिथेच ते गणित कोलमडतं. म्हणून अवकाश-काळाच्या जागी चौमितीय जाळी धरली, प्रत्येक बिंदूवर क्षेत्राचं मूल्य ठेवलं आणि यादृच्छिक बदल करत संगणकाकडून सरासरी काढून घेतली. त्यातून दिसलं ते विलक्षण होतं: आंतरक्रियेचा मूळ आकडा अनंतापर्यंत ताणला तरी वस्तुमान एका उंचीवर येऊन थांबतं. कुटी, लिन आणि शेन यांना १९८८मध्ये ती उंची सुमारे ६४० जीईव्ही मिळाली.

जाळी माणसाने कल्पिलेली, मग मर्यादाही जाळीचीच नव्हे का? आक्षेप रास्त आहे. हेलर, क्लोमफास, नॉयबर्गर आणि व्रानास यांनी वेगवेगळ्या मांडण्या ताडून पाहिल्या आणि १९९३मध्ये ७१० ± ६० हा आकडा दिला. आकडा सरकला, पण हजारापलीकडे गेला नाही. पुढे गेरहोल्ड आणि यान्सेन यांनी आधी वगळलेला जड टॉप क्वार्कही हिशेबात घेतला, तरी मर्यादा सहाशेच्या घरातच राहिली. प्रयोगकर्त्यांना याहून नेमकं काही नकोच होतं: एकतर या मर्यादेच्या आत हिग्ज सापडेल, नाहीतर त्याच टप्प्यात काहीतरी नवं दिसेल. लार्ज हॅड्रॉन कोलायडर रिकाम्या हाताने परतणार नाही, या भरवशामागे हाही एक आधार होता.

१२५च्या हिग्जची स्व-आंतरक्रिया मात्र दुबळी निघाली. त्यामुळे जुनं गणित पुन्हा विश्वासार्ह ठरलं. आता प्रश्न किमान मर्यादेचा, म्हणजे निर्वात स्थिती स्थिर राहण्यासाठी हिग्ज किमान किती जड हवा, याचा आहे. त्यासाठी अब्जावधी जीईव्हीपर्यंत पाहावं लागतं, आणि १२५ व तेवढी ऊर्जा दोन्ही सामावणारी जाळी आजच्या कुठल्याही संगणकाच्या आवाक्यात नाही.