कपाटें सुताराचीं, मापें गृहिणीचीं

घराची डागडुजी करावयाची ठरली, कीं दिवाणखान्यास रंग कोणता द्यावा यावर घरांतील सारीं माणसें उत्साहानें बोलूं लागतात. स्वयंपाकघराचा विषय निघाला म्हणजे मात्र बहुधा एखादें छापील चित्र पुढें येतें, "अशींच कपाटें करून द्या" असें सुतारास सांगितलें जातें, आणि काम सुरू होतें. दिवाणखान्यांतील उणीव डोळ्यांना खुपते. स्वयंपाकघरांतील उणीव पाठीला, गुडघ्यांना व खांद्यांना दररोज सोसावी लागते. म्हणून या खोलीच्या आखणीस चार दिवस अधिक लागले तरी ते वायां गेले असें समजूं नये.

ओटा व बांधींव कपाटें यांनीं युक्त अशा आधुनिक स्वयंपाकघराचा एक गाजलेला नमुना मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या स्थापत्यविशारद बाईंनीं १९२६ सालीं जर्मनींतील फ्रांकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं तयार केला. खोली सुमारें सव्वासहा फूट रुंद व अकरा फूट लांब; परंतु तींत सर्व कांहीं हाताशीं. पिठाला अळी लागूं नये म्हणून त्याचे खण ओक लांकडाचे केलेले होते. नवल हें, कीं आपणांस स्वयंपाकाचा अनुभव नव्हता, असें बाईंनींच पुढें सांगितलें. त्यांनीं कामांतील हालचाली व वेळ यांच्या मोजणीवर भर दिला आणि त्यावरून मांडणी ठरविली. ती मांडणी मात्र एकाच स्त्रीपुरती होती. आपल्याकडे एक कणीक मळते, दुसरी फोडणी देते, तिसरी भाजी निवडते. तेव्हां त्या नमुन्याचें चित्र न घेतां मोजण्याची रीत तेवढी घ्यावी.

पहिलें माप माणसांचें. सरळ उभें राहून हात कोपरांत वांकवावा. कोपर जमिनीपासून जितकें उंच, त्याच्या सुमारें ४ इंच खालीं ओटा असावा. ५ फूट उंचीच्या बाईस हा हिशेब ३३ इंचांच्या आसपास येतो; ५ फूट ४ इंच उंचीच्या बाईस ३५-३६ इंचांवर जातो. शेगडी ओट्यावर ठेवावयाची असल्यास तिची व पातेल्याची उंची त्यांत मिळते. म्हणून तेवढा भाग दोन-तीन इंच खालीं घेतल्यास उकळत्या आमटींत डोकावण्यासाठीं टांचा उंचावाव्या लागत नाहींत. दोन जावांच्या उंचींत फरक असेल, तर जी ओट्याशीं अधिक वेळ उभी राहते तिचें माप धरावें. एकटीच्या वावरास साडेतीन फुटांची वाट पुरते. दोघींना चार फूट हवेत.

घरांतील वडील स्त्रीचें माप घेण्यास मात्र बहुतेक विसरतात. चुलीपुढें पाटावर बसून स्वयंपाक होई, तेव्हां सासूबाईंची जागा ठरलेली असे. ओटा आला आणि उभें राहणें ज्यांना झेपत नाहीं त्यांना तेथें जागाच उरली नाहीं. भाजी निवडणें, नारळ खवणणें, लाडू वळणें हीं त्यांच्या हातचीं कामें. तीं सुटलीं म्हणजे त्यांचा शब्दही हळूहळू त्या खोलींतून बाहेर पडतो. यावरचा उपाय फार खर्चाचा नाहीं. ओट्याखालीं एका खणाच्या जागीं पुढें ओढून घेतां येईल अशी भक्कम फळी बसवावी. ती जमिनीपासून २८ इंचांवर, तिच्याखालीं गुडघ्यांना मोकळी जागा, आणि समोर १७-१८ इंच बैठकीची पाठ असलेली खुर्ची. बसून पोळ्या लाटावयासही ही फळी उपयोगीं पडते.

दुसरें माप वस्तूंचें. सुतार येण्यापूर्वीं सर्व भांडीं बाहेर काढून त्यांचे तीन गट करावे : रोजचीं, अधूनमधून लागणारीं, आणि गौरी-गणपति, मुंज, श्राद्ध अशा प्रसंगांचीं. रोजचीं गुडघ्यापासून खांद्यापर्यंतच्या उंचींत असावीं. प्रसंगाचीं माळ्यावर जावीं. परातीचा व्यास, तेलाच्या डब्याची उंची, लोणच्याच्या बरण्यांचा घेर कागदावर लिहावा. तयार ट्रॉल्या ठराविक मापाच्या येतात; बारा माणसांच्या घरची परात त्यांत मावेलच असें नाहीं. कपाटें सांगून करून घेण्याचा खरा लाभ हाच आहे.

खालच्या कपाटांना दारांपेक्षां ओढावयाचे खण बरे. दाराआडच्या खोल फळीवर मागचा डबा वर्षभर तसाच पडून राहतो. भिंतीवरचीं कपाटें १२-१३ इंचच खोल आणि ओट्यापासून २२-२४ इंच वर असावीं, नाहीं तर कपाळमोक्ष ठरलेला. जुन्या ओट्याखालीं कडप्प्याचे कप्पे भक्कम असतील तर ते फोडूं नयेत. मात्र त्यांच्या उभ्या फरशांमधील अंतर क्वचितच सारखें असतें. प्रत्येक कप्पा पुढें, मध्यें व मागें मोजून त्याजोगती ट्रॉली करून घ्यावी.

प्लायवूड घेतांना पाण्याजवळच्या भागासाठीं भारतीय मानक ७१० चा शिक्का पाहावा. भुसा दाबून केलेले तक्ते स्वस्त पडतात, परंतु ओल लागली कीं फुगतात. ओल कापलेल्या कडेनें आंत शिरते. म्हणून प्रत्येक कड, दिसणारी व न दिसणारी, बंद करून घ्यावी.

शोभेसाठीं गॅसची टांकी कपाटांत कोंडण्याची हौस मात्र जिवावर बेतूं शकते. टांकींतील गॅस हवेहून जड असल्यानें गळल्यास तळाशीं सांचतो. कपाटाच्या अगदीं तळाशीं हवा खेळण्यास मोकळीं भोंकें असलींच पाहिजेत, आणि टांकी नेहमीं उभीच ठेवावी. नळानें येणारा गॅस हवेहून हलका. त्यासाठीं वाट वरच्या बाजूस हवी.

काम देतांना मापांसह आराखडा, मालाचा प्रकार व पैशांचे हप्ते कागदावर असावे. नळ, वीज व फरशी यांचीं कामें उरकल्यावर अखेरचीं मापें घ्यावीं. फरशीच्या जाडीनेंही अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे होतो. मध्यंतरीं गॅलरींत तात्पुरती चूल कोठें मांडावयाची हें आधींच ठरवावें, आणि सणवार टाळूनच काम काढावें.

सुतारापुढें आराखडा ठेवण्याआधीं एक संध्याकाळ घरांतील सर्व स्त्रियांनीं एकत्र बसावें आणि वडील स्त्रीस प्रथम विचारावें. धाकट्या सुनेनेंही आपली अडचण संकोच न धरतां सांगावी. पुरुषांनीं खर्चाचा आंकडा जरूर पाहावा. परंतु त्याआधीं एक दिवस स्वतः पोळ्या लाटून पाहाव्या. ओटा किती उंच असावा, हें मग कोणी समजावून सांगावें लागणार नाहीं.