जलपरीक्षा आणि तापमान

वाग्भटाचार्यांनी ‘द्रवद्रव्यविज्ञानीय’ अध्यायाचा आरंभ जलवर्णनाने केला आहे. औषधनिर्मितीचे पाणी शुद्ध व पेय असावे, हे ‘शेड्यूल टी’लाही अभिप्रेत आहे.

वाटूरसारख्या बेसाल्टच्या प्रदेशात विहीर-बोअरच्या पाण्यातील क्षार वाहकतामापकाने अजमावताना तापमान अवश्य पाहावे. एक अंश सेल्सिअस वाढीमागे वाहकता सुमारे दोन टक्के वाढते. म्हणून ३५ अंशांवर १२०० मायक्रोसीमेन्स प्रति सेंटीमीटर दाखविणारे पाणी २५ अंशांच्या प्रमाणावर १००० चेच असते. उलट हिवाळ्यात १५ अंशांवर ९६० दाखविणारे पाणी वस्तुतः १२०० चे! अशाने ग्राह्य ते त्याज्य व त्याज्य ते ग्राह्य ठरते.

यंत्रात स्वयंचलित तापमान-दुरुस्ती नसल्यास वैद्यबंधूंनी व औषधनिर्मात्यांनी वरील हिशेब करून नोंदवहीत दोन्ही आकडे लिहावेत. अतिशुद्ध पाण्यास मात्र हा दोन टक्क्यांचा नियम लागू पडत नाही. आणि जंतूंची परीक्षा सर्वथा स्वतंत्रच करावी.