फरीदी श्रेष्ठ की झुंजार?

वर्ष सरत आले की आमच्या घरी इशाच्या नमाजनंतर एक बैठक रंगते. वर्षभरात वाचलेल्यांपैकी सर्वांत आवडलेली रहस्यकथा प्रत्येकाने सांगायची.

यंदा अब्बांनी इब्ने सफी यांची ‘डेढ मतवाले’ पुढे केली. तीन वर्षांच्या आजारपणानंतर १९६३ साली त्यांनी दिलेली ही इमरान मालिकेतील कादंबरी. मुलांनी बाबूराव अर्नाळकरांचा झुंजार उचलून धरला. ‘‘हजारावर पुस्तके लिहिली त्यांनी!’’ धाकटा म्हणाला.

अब्बा म्हणाले, ‘‘१९५२ साली अलाहाबादहून ‘जासूसी दुनिया’ निघाली, तेव्हा अश्लील मजकुराशिवाय पुस्तक खपत नाही, असे लोक म्हणत. इब्ने सफींनी ते खोटे ठरवले. फरीदी-हमीदच्या कथा घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाचता येतात.’’

‘‘पण दादाजान, आम्ही त्या वाचायच्या कशा? आम्हांला उर्दू कुठे येते?’’ मुलीने विचारले.

अब्बा गप्प झाले. आमचीही मान खाली गेली. शाळेत इतरांच्या मुलांना उर्दू शिकवणारे आम्ही, घरच्या मुलांसाठी मात्र वेळ काढला नव्हता.

त्या रात्री ठरले: दर जुम्याला उर्दूचे एक पान मुले वाचतील, अब्बा चुका सुधारतील. मग मुले त्यांना अर्नाळकर वाचून दाखवतील. पहिले पान संपायला पाऊण तास लागला. पण खुनी कोण, हे कळल्याशिवाय आता कोणी थांबायला तयार नाही.

वाचकहो, तुमच्याही घरातील जुनी पेटी एकदा उघडून पाहा.