बोलणें आणि पोंचणें

जो पुष्कळ बोलतो तोच उत्तम वक्ता, असा अनेकांचा समज असतो. तो कितपत खरा आहे तें पाहूं.

अमेरिकेंत गेटिसबर्ग येथें लढाईंत पडलेल्या सैनिकांची दफनभूमि १९ नोव्हेंबर १८६३ रोजीं समर्पण करण्यांत आली. त्या प्रसंगीं नामांकित वक्ते एडवर्ड एव्हरेट सुमारें दोन तास बोलले. त्यांच्या मागून अध्यक्ष लिंकन अवघीं दोन-तीन मिनिटें बोलले. आज जगाच्या स्मरणांत आहे तें लिंकन यांचें भाषण. दोन मिनिटांत आपण ज्या मर्माशीं पोंचलांत, त्याच्या तितकें जवळ मला दोन तासांत जातां आलें असतें तर आनंद वाटता, अशा आशयाचें पत्र खुद्द एव्हरेट यांनींच दुसऱ्या दिवशीं त्यांस लिहिलें.

सभेंत उभें राहतांना ज्यांचे पाय लटपटतात, त्यांनीं गांधीजींचें आत्मचरित्र वाचावें. मुंबईंत वकिलीच्या पहिल्याच खटल्यांत त्यांच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटीं त्यांनीं घेतलेली फी परत केली. पुढें ह्याच संकोचानें आपणांस मोजके शब्द वापरण्यास शिकविलें, असें ते सांगतात.

परंतु सांगितलेलें ऐकणाऱ्यास पोंचलें कीं नाहीं, हें पाहणें बोलणाराचेंच काम होय. हा धडा मला माझ्या चुकीनें शिकविला. एकदां एका मजूर पालकांस मीं नादारीच्या अर्जाचे नियम भराभर सांगितले. ते प्रत्येक वाक्यास "होय मास्तर" म्हणत राहिले. मुदत टळली, अर्ज आला नाहीं. मागाहून ते म्हणाले, "मास्तर, तुमचं बोलणं डोक्यावरून गेलं, पण पुन्हा इचारायची लाज वाटली." त्या वर्षींच्या फीसाठीं त्यांनीं घरची दुभती शेळी विकली. दोष माझा होता. तेव्हांपासून महत्त्वाची गोष्ट सांगून झाली, कीं "मीं नीट सांगितलें ना? तुमच्या शब्दांत एकदां सांगून पाहा," असें मी विनवितों.

तेव्हां मुलांनो, बोलण्यापूर्वीं मुख्य गोष्ट एका वाक्यांत मनाशीं मांडा. दुसऱ्याचें वाक्य पुरें होऊं द्या. आणि कळलें नसेल तर न लाजतां तसें सांगा. पालकहो, मूल शाळेची हकीकत सांगूं लागलें, तर हातचें काम क्षणभर बाजूस ठेवा. ज्याचें घरीं कोणी ऐकतें, त्यास चारचौघांत तोंड उघडण्याचें धैर्य लवकर येतें.